पक्षी छायाचित्रणातील टेलिफोटो झूम भिंग

टेलिफोटो झूम भिंग हे दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारे आणि नाभीय अंतर कमी-अधिक करता येणारे छायाचित्रण-भिंग आहे. पक्षी छायाचित्रणात साधारणपणे १०० ते ४००, २०० ते ५००, १५० ते ६०० किंवा २०० ते ६०० मिलिमीटर अशा पल्ल्यांची भिंगे वापरली जातात. पक्षी लहान, चंचल आणि माणसापासून अंतर राखून राहणारा असल्यामुळे त्याच्या जवळ न जाता त्याचे तपशीलवार चित्र मिळवणे हा या भिंगाचा मुख्य उपयोग होय. पक्ष्याची ओळख पटवणे, दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला पुरावा देणे आणि त्याच्या वर्तनाचा अभ्यास करणे या कामांतही त्याला महत्त्व आहे.

महाराष्ट्रात जायकवाडीचा नाथसागर, नांदूर मध्यमेश्वर, उजनी जलाशयावरील भिगवण, लोणार सरोवर ही पक्षी छायाचित्रणाची परिचित स्थळे आहेत. मराठवाड्यातील माळराने, शेतशिवारे, पाझर तलाव आणि अजिंठा डोंगररांगेतील शुष्क पानझडी वने येथेही या भिंगाचा चांगला उपयोग होतो.

रचना व कार्य

दूरवरून येणारे समांतर प्रकाशकिरण भिंगातून गेल्यावर ज्या बिंदूत एकत्र येतात, त्या बिंदूचे भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासूनचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. हे अंतर जितके जास्त, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी आणि दृश्याचा कोन अरुंद असतो. साध्या रचनेत ५०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाची नळी जवळजवळ अर्धा मीटर लांब ठेवावी लागेल. टेलिफोटो रचनेत पुढच्या बाजूस अभिसारी (बहिर्वक्र) आणि मागच्या बाजूस अपसारी (अंतर्वक्र) भिंगसमूह बसवलेला असतो. मागचा समूह किरणांचे एकत्र येणे लांबवतो. त्यामुळे नळी आखूड राहूनही परिणामी नाभीय अंतर मोठे मिळते. प्रत्येक लांब नाभीय अंतराच्या भिंगाला व्यवहारात ‘टेलिफोटो’ म्हटले जात असले, तरी शास्त्रीय दृष्ट्या ही संज्ञा या विशिष्ट रचनेची आहे.

झूम भिंगात काही भिंगसमूह पुढे-मागे सरकतात व नाभीय अंतर बदलते. काही भिंगांत झूम करताना नळी बाहेर येते, तर काहींत सर्व हालचाल आतल्या आत होते. बाहेर येणाऱ्या नळीचे भिंग प्रवासात आटोपशीर असते. आतल्या आत झूम होणाऱ्या भिंगाचा तोल मात्र हातात फारसा बदलत नाही आणि त्यात धूळ शिरण्याचा संभवही कमी असतो.

पांढऱ्या प्रकाशातील निरनिराळे रंग काचेतून जाताना निरनिराळ्या प्रमाणात वाकतात. त्यामुळे लांब नाभीय अंतरावर वर्णविपथनाचा दोष ठळक होतो. गर्द पार्श्वभूमीवरील पांढऱ्या बगळ्याच्या कडेला दिसणारी जांभळी किंवा हिरवी किनार हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तो कमी करण्यासाठी अल्प-अपस्करण काचेची किंवा फ्लुओराइट स्फटिकाची भिंगे वापरतात.

इतिहास

टेलिफोटो भिंगाची व्यावहारिक रचना १८९१ च्या सुमारास पुढे आली. इंग्लंडमध्ये टॉमस रुडॉल्फस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मिटे यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे अशी भिंगे सिद्ध केली. स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीचे पहिले झूम भिंग १९५९ मध्ये आलेले ‘फोइग्टलेंडर झूमार’ हे मानले जाते. त्याचा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर एवढाच होता. १९९५ मध्ये कॅनन कंपनीने ७५ ते ३०० मिलिमीटर पल्ल्याच्या भिंगात कंपनरोधाची सोय दिली. एसएलआर कॅमेऱ्याच्या अदलाबदल करता येणाऱ्या भिंगांत ही सोय प्रथमच आली होती.

भारतातील पक्षी छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात छायाचित्रकाराला कापडाच्या किंवा डहाळ्यांच्या आडोशात तासन्‌तास बसून राहावे लागे. सालिम अली यांच्यासोबत भारतातील पक्षी-मोहिमांत सहभागी झालेले लोक वान थो यांची छायाचित्रे या काळातील उल्लेखनीय कामगिरी आहे. त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे अंकीय कॅमेरे आले, फिल्मचा खर्च वाचला आणि हा छंद मोठ्या शहरांबाहेरही पोहोचला. टॅमरॉन आणि सिग्मा यांची १५० ते ६०० मिलिमीटर पल्ल्याची भिंगे, निकॉनचे २०० ते ५०० मिलिमीटरचे भिंग (२०१५) आणि सोनीचे २०० ते ६०० मिलिमीटरचे भिंग (२०१९) यांनी या प्रसाराला हातभार लावला. व्यावसायिकांच्या महागड्या एकनाभीय भिंगांच्या तुलनेत ती पुष्कळ स्वस्त आहेत.

पक्ष्याची प्रतिमा किती मोठी मिळते

दूरच्या वस्तूची कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रतिमा किती मोठी पडेल, हे साध्या गुणोत्तराने काढता येते. वस्तूच्या लांबीला नाभीय अंतराने गुणावे आणि वस्तूच्या अंतराने भागावे. लालबुड्या बुलबुल सुमारे २० सेंटीमीटर लांब असतो. तो २० मीटर अंतरावर बसला असेल, तर ५०० मिलिमीटर भिंगातून त्याची प्रतिमा ५ मिलिमीटर लांब पडते. नेहमीच्या ५० मिलिमीटर भिंगातून ती केवळ अर्धा मिलिमीटर असते.

पूर्ण आकाराचा (फुल फ्रेम) संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ५०० मिलिमीटर भिंग वापरूनही बुलबुल चित्राच्या रुंदीचा सातवा भागच व्यापतो. संवेदक २४ मेगापिक्सेलचा असल्यास पक्ष्याच्या वाट्याला लांबीत साधारण ८३० चित्रबिंदू येतात. तितकेच चित्रबिंदू असलेल्या लहान (एपीएस-सी) संवेदकावर हाच आकडा १,२७५ च्या आसपास जातो. ‘लहान संवेदकाने भिंगाची पोहोच दीडपट होते’ असे म्हणतात, त्यामागचे गणित हे आहे. प्रत्यक्षात नाभीय अंतर बदलत नाही. प्रतिमेचा मधला भाग अधिक दाट चित्रबिंदूंवर पडतो, इतकेच.

अंतर निम्मे झाले की प्रतिमा दुप्पट होते. म्हणून मोठ्या भिंगापेक्षा पक्ष्याच्या सवयींची माहिती आणि संयम यांनी अधिक साधते, असे अनुभवी छायाचित्रकार सांगतात. पक्षी आपणहून जवळ येईल अशा जागी शांत बसून राहणे हा अंतर कमी करण्याचा सर्वांत निर्दोष मार्ग होय.

प्रकाश, वेग आणि स्पष्टता

भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण ‘एफ’ अंकाने दाखवतात. नाभीय अंतराला प्रकाशछिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) व्यासाने भागले की हा अंक मिळतो. ६०० मिलिमीटर, एफ/६.३ या भिंगाचे प्रकाशछिद्र सुमारे ९५ मिलिमीटरचे, तर ६०० मिलिमीटर, एफ/४ भिंगाचे १५० मिलिमीटरचे असते. तेवढ्या मोठ्या व्यासाची निर्दोष काच घडवावी लागत असल्यामुळे एफ/४ भिंग जड व अतिशय महाग होते.

या फरकाचा परिणाम पहाटेच्या प्रकाशात जाणवतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवल्यास सेकंदाचा शंभरावा भाग एवढा शटर-वेग पुरतो, असा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार एफ/६.३ ला १/२५०० सेकंद वेग हवा असल्यास आयएसओ सुमारे ४०० ठेवावा लागतो. प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर उतरला, तर त्याच वेगासाठी आयएसओ ६,४०० लागतो आणि चित्रात दाणेदारपणा येतो. एफ/४ भिंगाला त्याच प्रकाशात २,६०० च्या आसपास आयएसओ पुरतो.

बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंदाच्या आसपासचा वेग सामान्यतः चालतो. उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० ते १/२५०० किंवा त्याहून अधिक वेग लागतो. भिंगातील कंपनरोध हाताची थरथर सावरतो, पक्ष्याची हालचाल थोपवत नाही. नव्या वापरकर्त्याची गल्लत बहुधा इथेच होते. फांदी अगदी स्पष्ट आणि पक्ष्याचे डोके मात्र पुसट आले असेल, तर दोष भिंगाचा नसून मंद शटर-वेगाचा असतो.

लांब भिंगात स्पष्टतेची खोली फार थोडी असते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ५०० मिलिमीटर, एफ/५.६ या मांडणीत १० मीटर अंतरावर ती सुमारे १३ सेंटीमीटर भरते. घारीसारख्या मोठ्या पक्ष्याचा डोळा स्पष्ट असूनही पंखाचे टोक पुसट येते ते यामुळे. म्हणून फोकस नेहमी डोळ्यावर ठेवण्याचा संकेत आहे.

टेलिकन्व्हर्टर नावाचे जोडभिंग लावून नाभीय अंतर वाढवता येते. १.४ पटीच्या जोडभिंगाने ६०० मिलिमीटर, एफ/६.३ चे ८४० मिलिमीटर, एफ/९ होते. पोहोच वाढते आणि प्रकाश निम्मा होतो. मुळात मंद प्रकाशाच्या झूम भिंगाला हा व्यवहार बहुधा परवडत नाही.

नव्या भिंगाची पडताळणी

नवे भिंग हाती आल्यावर ते थेट रानात नेण्याऐवजी टप्प्याटप्प्याने पडताळणे हिताचे असते. त्यातून भिंगाचे दोष आणि वापरणाऱ्याचे दोष वेगळे करता येतात. विक्रेत्याकडून भिंग बदलून मिळण्याची मुदत थोडी असल्याने ही पडताळणी लवकर करावी.

पहिला टप्पा घरचा. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने ताणून चिकटवावीत आणि कॅमेरा तिपाईवर भिंतीशी काटकोनात ठेवावा. दोन सेकंदांचा टायमर लावून निरनिराळ्या नाभीय अंतरांवर चित्रे घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी एक चित्र पूर्ण उघड्या प्रकाशछिद्राने आणि एक त्याहून एक टप्पा लहान छिद्राने घ्यावे. चारही कोपऱ्यांतील अक्षरे ताडून पाहावीत. एकच कोपरा किंवा एकच बाजू सातत्याने पुसट येत असेल, तर भिंगसमूह मध्यापासून ढळलेला असण्याचा संभव असतो. सर्व कोपरे सारखेच किंचित मऊ असणे हा दोष मानत नाहीत.

दुसरा टप्पा फोकसचा. आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात फोकस पक्ष्याच्या किंचित पुढे किंवा मागे पडू शकतो. जमिनीवर तिरपी ठेवलेली मोजपट्टी टिपून हे तपासता येते, आणि अनेक कॅमेऱ्यांत त्याची दुरुस्ती करण्याची सोय असते. मिररलेस कॅमेऱ्यात फोकसचे मापन प्रत्यक्ष संवेदकावरच होत असल्याने हा दोष क्वचित आढळतो.

तिसरा टप्पा हाताच्या सवयीचा. दोन किलोग्रॅमच्या आसपास वजनाचे भिंग डाव्या तळहातावर तोलून, कोपरे बरगड्यांशी टेकवून, श्वास रोखून शटर दाबण्याचा सराव लागतो. कंपनरोध चालू व बंद ठेवून एकाच खुणेची दहा-दहा चित्रे घेतली, की हातात किती मंद वेग साधतो हे कळते.

चौथा टप्पा प्रत्यक्ष पक्ष्यांचा. येथेही सोप्याकडून अवघडाकडे जावे. पाण्याच्या काठी स्थिर उभा राहणारा वंचक किंवा बगळा पहिल्या धड्यास योग्य. त्यानंतर वेडा राघू. तो तारेवरून झेप घेऊन कीटक पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो. त्यामुळे फोकस आधीच बांधून ठेवून त्याच्या परतीची वाट पाहता येते. मग संथपणे घिरट्या घालणारी घार. भिरभिर दिशा बदलणारी भिंगरी किंवा पाकोळी हा शेवटचा आणि सर्वांत अवघड धडा.

उडत्या पक्ष्याला ६०० मिलिमीटरवर एकदम चौकटीत पकडणे कठीण असते. २० मीटर अंतरावर पूर्ण आकाराच्या संवेदकाची चौकट केवळ १.२ मीटर रुंद क्षेत्र दाखवते. झूमचा खरा लाभ येथे होतो. २०० मिलिमीटरवर पक्षी शोधावा, चौकटीत धरावा आणि मग नाभीय अंतर वाढवत न्यावे.

तापलेल्या हवेची अडचण

दख्खनच्या पठारावर लांब भिंगाला सर्वाधिक त्रास तापलेल्या हवेचा होतो. ऊन चढले की काळी जमीन, खडक आणि डांबरी रस्ता तापतो. त्यांच्यावरील हवेच्या थरांची घनता सतत बदलत राहते. त्यातून वाकडेतिकडे वळत येणारे किरण प्रतिमा लहरती करतात. मृगजळाच्या मुळाशीही हेच प्रकाशाचे वाकणे असते. अशा वेळी शंभर मीटरांवरच्या माळटिटवीचे चित्र कितीही उत्तम भिंगातून घेतले तरी पुसट येते. यावर भिंगाच्या किमतीचा उपाय चालत नाही. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास काम करणे आणि पक्ष्याशी असलेले अंतर कमी ठेवणे, हेच उपाय. नव्या भिंगाची परीक्षा दुपारी घेऊन ते सदोष ठरवणे ही सामान्य चूक आहे.

धावडा व परिसराचा संदर्भ

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील गाव आहे. तालुक्याची उत्तर बाजू अजिंठा डोंगररांगेच्या जवळ येते. धावडा याच नावाचा वृक्षही शुष्क पानझडी वनांत आढळतो. डोंगरउतार, कोरडवाहू शेते, बांधावरच्या बाभळी व लिंब आणि पाझर तलाव अशी ही भूमी. अशा भूप्रदेशात मोठ्या भिंगाला विषयांची वाण नसते. तारांवर नीलकंठ, कोतवाल, खाटीक आणि वेडा राघू बसतात. माळावर चंडोल व टिटवी, काटेरी झुडपांत तितर आणि शेतावर स्थिर घिरट्या घालणारी कापशी घार दिसते. रब्बी ज्वारीच्या दिवसांत परदेशातून आलेल्या भोरड्यांचे मोठे थवे मराठवाड्यात उतरतात.

या भागातून पश्चिमेस गौताळा औट्रमघाट अभयारण्य, दक्षिणेकडे नाथसागरावरील जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि आग्नेयेस लोणार सरोवर आहे. लोणारला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

छायाचित्राचे पुराव्याचे मूल्य : रानपिंगळ्याचे उदाहरण

पक्ष्याची नोंद विश्वसनीय ठरण्यासाठी पुरावा का लागतो, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. १९१४ मध्ये तो मिळाल्याचा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचा दावा पुढे खोटा ठरला. त्यांनी संग्रहालयातील जुन्या नमुन्यावर नवी चिठ्ठी लावली होती, असे पामेला रासमुसेन यांच्या अभ्यासातून उघड झाले. या खोट्या नोंदीमुळे पक्ष्याचा शोध चुकीच्या भागात घेतला जात होता.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आढळला. त्या वेळी त्यांनी त्याचे चित्रीकरण केले. पक्षी न मारता, केवळ प्रतिमेच्या आधारे ११३ वर्षांनंतरचे त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. नंतर तो मेळघाट आणि तानसा येथेही आढळला.

रानपिंगळा आणि गावोगाव दिसणारा ठिपकेदार पिंगळा यांतील फरक सूक्ष्म आहे. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ साधा असतो आणि पंख-शेपटीवरील पट्टे अधिक ठळक असतात. पक्षी ३० मीटरांवर असताना दोन मिलिमीटरचा ठिपका २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या संवेदकावर ५०० मिलिमीटर भिंगातून पाच-सहा चित्रबिंदू व्यापतो, २०० मिलिमीटर भिंगातून केवळ दोन. पहिल्या चित्रावरून जाती ठरवता येते, दुसऱ्यावरून वाद होतो.

याच कारणाने पुराव्यासाठी घेतलेले चित्र संगणकावर अतिरिक्त ‘सुधारू’ नये. काही आज्ञावली पुसट चित्रात नसलेले पिसांचे तपशील भरतात. असे चित्र देखणे दिसते, पण साक्ष म्हणून निरुपयोगी ठरते. मूळ धारिका, दिनांक आणि स्थळ यांसह जपून ठेवणे आवश्यक असते.

नीती व कायदा

प्रत्येक पक्ष्याचे एक सुरक्षित अंतर असते. माणूस त्याच्या आत आला की पक्षी उडतो. उडण्यापूर्वी तो खाणे थांबवतो, मान ताठ करतो, इशाऱ्याचा आवाज काढतो. लांब भिंगाचा नैतिक लाभ असा की या अंतराबाहेर राहूनही चित्र मिळते. मात्र हेच भिंग हाती असताना आणखी जवळ जाण्याचा मोह झाला, तर तो लाभ नाहीसा होतो. उड्डाणाचे चित्र मिळावे म्हणून रोहितांच्या थव्यावर नाव घालणे, घरट्याभोवतीच्या फांद्या छाटणे, ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवून पक्ष्याला बोलावणे हे प्रकार पक्ष्यांना घातक आहेत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. चित्रासाठी तिला बराच वेळ दूर ठेवल्यास उन्हाने अंडी वाया जाऊ शकतात. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके स्थळ समाजमाध्यमांवर जाहीर न करण्याचा संकेतही पाळला जातो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना दिला जातो. संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे अथवा त्यांना बाधा पोहोचवणे याचा समावेश या कायद्यातील ‘शिकारी’च्या व्याख्येत होतो.

निगा

मराठवाड्यातील उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमटपणा हे भिंगाचे शत्रू होत. दमट जागी बंद पिशवीत पडून राहिलेल्या भिंगाच्या आत बुरशी वाढते आणि ती काचेवरील लेप खराब करते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह भिंग ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. धूळ प्रथम हवेच्या फुग्याने उडवावी आणि नंतरच मऊ कापड वापरावे. धूळ तशीच पुसल्यास काचेवर ओरखडे पडतात. ऊन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात भिंग ठेवू नये.

प्रसार

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. या काळात स्थलांतरित पक्ष्यांचे आगमन सुरू झालेले असते आणि हवाही निवळलेली असते. त्यामुळे नव्या भिंगाच्या सरावासाठी हे दिवस अनुकूल ठरतात. नागरिकांनी घेतलेली छायाचित्रे ‘ईबर्ड’सारख्या खुल्या नोंदसंचांत दिनांक व स्थळासह जमा होतात. पक्षी कोठे, केव्हा आणि किती संख्येने आढळतात याचा अभ्यास करताना अभ्यासकांना त्यांचा उपयोग होतो. ज्या गावांची पक्षिसूची अद्याप झालेली नाही, तेथील एका साध्या पण खऱ्या छायाचित्रालाही त्यामुळे मोल येते.